दहा खडे

शून्य, शून्य, एक, शून्य, परत शून्य. अडतीस बायकांचे आकडे मी संगणकात भरत होते आणि टेबलाखाली माझा पाय नुसता थडथडत होता. वर पंखा गरम हवा ढवळत होता. खरं म्हणजे मी उठून नाचायला पाहिजे होतं. सहा वर्षं ज्याच्यासाठी जीव आटवला ते समोर आलं होतं. दुखणं गेलं होतं, अडतीसपैकी एकतीस जणींचं तर पार शून्यावर. आणि मला मात्र बोर्डाच्या परीक्षेत शेजारणीचा पेपर बघून लिहिल्यासारखं वाटत होतं.

मी धम्मप्रिया. सोलापुरात एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवते आणि सहा वर्षांपासून पीएचडी करते आहे. करते आहे म्हणजे ओढते आहे. विषय साधा आहे. मेंढपाळ घरांतल्या पन्नाशीपुढच्या बायकांचे गुडघे, आणि घरच्या घरी करायचे बारा आठवड्यांचे व्यायाम. मंगळवेढ्याच्या पलीकडं बिरोबावाडी आहे, तिथल्या अडतीस बायकांना मी दर रविवारी स्कुटीवर जाऊन व्यायाम शिकवले. शेजारच्या वाडीतल्या बायकांना तुलनेसाठी नुसतं एक माहितीपत्रक दिलं. दोन्हीकडं आधी आणि नंतर दुखणं मोजलं.

दुखणं मोजायचं म्हणजे कागदावर शून्य ते दहा अशी रेघ असते, तिच्यावर बोट ठेवायचं. पहिल्याच दिवशी बनाबाईनं, म्हणजे वाडीतल्या सगळ्यात थोरल्या आजीनं, ती रेघ उलटी-सुलटी करून बघितली. ''ही काय सडक काडलीया व्हय?'' सगळ्या बायका खो-खो हसल्या. मग मी रेघ सोडली आणि खडे आणले. आमच्या आईनंच बांधकामाच्या वाळूतनं निवडून, धुऊन दिले होते, गुळगुळीत दहा खडे. स्टीलची एक वाटी समोर ठेवायची आणि म्हणायचं, जेवढं दुखतंय तेवढे खडे टाका. अजिबात दुखत नाही तर वाटी मोकळी. हे मात्र सगळ्यांना पटकन समजलं. सुरुवातीला बनाबाईनं नऊ टाकले होते आणि दहावा हातात घेऊन विचार करत बसली होती.

बारा आठवड्यांनी तिची वाटी मोकळी होती. तिच्यामागं रांगेत बसलेल्या बहुतेक सगळ्यांच्याच वाट्या मोकळ्या. शेजारच्या वाडीत मात्र खडे होते तेवढेच.

आता यात वाईट काय आहे, असं कुणीही म्हणेल. वाईट हे, की आम्ही आणखी एक चाचणी घेतो. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजतो. बनाबाई आधी सहा वेळा उठली होती, नंतर सात वेळा. सगळ्यांचं असंच, एखाददुसरा आकडा वर. ज्या बाईचे गुडघे दुखायचे पूर्ण थांबलेत ती अशी हळू उठते होय?

हाच प्रश्न घेऊन मी वैजयंती मॅडमकडं गेले. त्या माझ्या गाईड.

''अगं, दुखणं आधी जातं, ताकद मागाहून येते,'' त्या म्हणाल्या. ''चर्चेच्या प्रकरणात एक परिच्छेद लिही तसा.''

''पण शून्य, मॅडम? साठी उलटलेल्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्यात शून्य? मला स्वतःला तीन मजले चढून आल्यावर दोन असतं.''

त्या हसल्या नाहीत. ''तारीख किती आज?''

''अकरा.''

''तीसला तुझी नोंदणी संपते. मुदतवाढ कोरोनात घेऊन झाली, दुसरी मिळत नाही. आकडे चांगले आलेत, टाईप करून घे, बांधून आण. शंका नंतर काढ.'' मग त्या म्हणाल्या, ''मी तुला सुरुवातीलाच सांगितलं होतं, खडे मोजायला दुसरं कुणीतरी पाठव म्हणून.''

सांगितलं होतं. नाही कशाला म्हणू? पण मला माझं काम दुसऱ्याच्या हातात द्यायला आवडत नाही, हा माझा जुना आजार आहे. माझ्या बायका, माझे खडे, विचारणार ती मीच. दुसरं कुणी जाऊन दोन मिनिटांत उरकून आलं असतं, असं मला वाटायचं.

आणि ही पीएचडी मला पाहिजे म्हणजे पाहिजेच होती. वीस वर्षं लोकांचे हातपाय हलते केले, आणि आमच्याच हॉस्पिटलात हाडांच्या विभागातली काल आलेली पोरं मला 'मसाजवाल्या मॅडम' म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. आई तशाच एका हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती. नावापुढं डॉक्टर लागलेलं माणूस वॉर्डात शिरलं की बाकांवरची माणसं कशी ताडकन उठून उभी राहतात ते तिनं मला लहानपणी किती वेळा करून दाखवलंय! तिच्यासमोर ते 'डॉ.' आणून टाकायचं, एवढाच माझा हट्ट होता. सहा वर्षांत लग्नकार्यं चुकवली, सणवार चुकवले, केस पिकवले, ते या एका अक्षरापायी.

संध्याकाळी घरी आले तर आई खुर्चीत बसून लसूण सोलत होती. मी स्वयंपाकघरात गेले, बाहेर आले, पाणी प्यायले, परत आत गेले. नळाला पाणी यायचा दिवस होता, सगळी भांडी भरून ठेवायची होती, त्यातली अर्धी भरून मी तशीच सोडून आले.

''काय गं ही येरझार? बस की एका जागी,'' आई म्हणाली. ''माझं डोकं फिरायला लागलं.''

''आई, तुझे गुडघे कसे आहेत?''

''झ्याक. का गं?''

तिचे गुडघे झ्याक होते म्हणून तर ही सगळी कहाणी सुरू झाली. सहा वर्षांपूर्वी ती गुडघ्यांनी अगदी जायबंदी झाली होती. मी तिला मी स्वतः बसवलेले व्यायाम दिले, आणि तीन महिन्यांत बाई टुणटुणीत! आईला जमतं तर वाडीवस्तीवरच्या बायकांना का जमणार नाही, असं म्हणून मी विषय घेतला. तिचे गुडघे बरे झाले म्हणूनच बुधवार पेठेतलं तळमजल्यावरचं घर सोडून आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट नाही, पण वारा चांगला येतो.

''पौर्णिमेला विहारात गेली नाहीस परवा?''

''ऊन लई हुतं,'' ती म्हणाली आणि लसणाकडं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कॉलेजला रजा टाकली आणि सहा वाजताच स्कुटी काढली. वाडीत कुणाला कळवलं नाही. आजवर मी गेले ती रविवारी, आधी फोन करून. रुपाली, म्हणजे बनाबाईची सून, वाडीची आशा वर्कर आहे. ती बायकांना देवळापुढं गोळा करून ठेवायची. सगळ्या जणी धुतलेली लुगडी नेसून ओळीनं बसलेल्या असायच्या. रविवार सोडून ती वाडी कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

बनाबाईच्या घराजवळ लिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्यामागं मी स्कुटी बंद केली. ती अंगणात बसली होती. आजारी कोकरू दोन हातांवर पडलं होतं, त्याला पाजायचं होतं. ती उठली नाही. बसल्या बसल्याच, हात टेकत, ढुंगणावर सरकत सरकत त्याच्याकडं गेली. पाजून झालं. मग एका कुशीवर कलंडली, दोन्ही तळवे जमिनीला लावले, छपराच्या मेढीला धरलं आणि ''आई गंऽऽ बिरोबा'' करत उभी राहिली. मी नकळत सेकंद मोजत होते. अकरा झाले. उभी राहिल्यावरही ती मेढ धरून डोळे मिटून तशीच थांबली.

''आज्जी,'' मी हाक मारली.

ती दचकली. आणि क्षणात, काय सांगू, ती बाई ताठ झाली, पदर सारखा केला, तोंडभर हसली. ''आली व्हय बाय? आज काय आयतवार न्हाय की!''

''गुडघे कसे आहेत?''

''लई झ्याक! पळतीया बग मी.'' आणि खरंच ती तीन पावलं पळाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ''नाटकं बंद करा! मघापासून मी झाडामागं उभी आहे. सगळं बघितलंय मी. का खोटं सांगितलंत? वाटी मोकळी का ठेवलीत? माझी सहा वर्षं गेली यात, कळतंय का तुम्हाला?''

एवढ्या मोठ्यानं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. आवाज ऐकून रुपाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. बनाबाईचा चेहरा एकदम लहान झाला.

''सांगा की आत्ती आता,'' रुपाली सासूला म्हणाली. ''म्या तवाच म्हनत हुते, म्याडमला खरं सांगू या.''

''सगळ्यांनी ठरवून केलंत?''

''ठरवायचं काय त्यात?'' बनाबाई म्हणाली. ती परत मेढीला टेकली होती, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. ''आमच्यात औशिद देनाऱ्याला गुन न्हाय आला असं म्हनत न्हाईत. तोंडावर तर न्हाईच न्हाई. म्हटलं की त्येच्या हाताचा गुन जातो बग. मग फुडल्या मान्साला बी येत न्हाय. आमचा म्हातारा मेंढरास्नी पाला वाटून घालतो, तवा मेंढरू तितं मरायला टेकलं तरी आमी म्हनतो, उतार हाय. तू वाटी फुडं केलीस आन् माज्याकडं बगत बसलीस. म्या खडं टाकून तुजा हात मोडू व्हय?''

एकतीस शून्य. माझ्या हातातला गुण जाऊ नये म्हणून एकतीस बायकांनी आपापलं दुखणं लुगड्याखाली झाकून ठेवलं. शेजारच्या वाडीला मी एका कागदाशिवाय काही दिलंच नव्हतं, तिथं माझा हात जपायचं कुणाला कारण नव्हतं. म्हणून तिथले खडे खरे.

''पैल्या महिन्यात तू आलीस,'' बनाबाई बोलतच होती, ''आमी आडनाव इचारलं आन् गप बसलो. ध्यानात हाय का तुज्या?''

ध्यानात होतं. आडनाव ऐकून ओसरीवरचं बोलणं कसं थांबलं होतं ते असं विसरत नाही. महिनाभरानं हिनंच स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली होती, वर शेंगाचटणी. तेही ध्यानात होतं.

''आडनाव सांगितलंस त्याच दिशी तू माजा पाय मांडीवर घेतलास. असा दोनी हातात धरून. सासरी कुनी घेतला न्हवता, माह्यारी बी न्हाय. त्या हाताला म्या नाव ठिवू?''

मला रडायला येत होतं आणि राग तर गेला नव्हता. दोन्ही एकदम चाललं होतं. ''व्यायाम तरी केलेत का?''

''केलं की! रोज केलं. तू दिल्यालं टाकंन का मी?''

''मग खरं किती दुखतंय? आता सांगा, किती खडे?''

तिनं मान हलवली. ''तुज्या तोंडावर न्हाय सांगनार.''

''अहो, मीच सांगते ना, सांगा म्हणून!''

''न्हाय म्हनजे न्हाय,'' ती म्हणाली. ''दुसरं कुनी इचारू दे, तू नगं.''

रुपालीनं तांब्या पुढं केला. मी घटाघट पाणी प्यायले. दोष कुणाला देणार? चूक सरळ सरळ माझी होती. ज्या हातानं औषध दिलं, त्याच हातानं मी वाटी पुढं केली होती. मॅडम सांगत होत्या, मी ऐकलं नव्हतं.

मंगळवेढ्याच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर थांबून मी मॅडमना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

''दुसऱ्या कुणाला पाठवून परत मोजता येईल,'' मी म्हटलं. ''वाटीवर फडकं टाकून. कुणी किती टाकले ते कुणाला दिसणारच नाही असं.''

''येईल. पण त्याला नैतिकता समितीची परवानगी पुन्हा घ्यावी लागेल. दोन महिने धर. तोवर तुझी नोंदणी संपलेली असेल. मग नवीन नोंदणी, नवीन प्रवेश परीक्षा, सगळं पहिल्यापासून.'' त्यांचा आवाज खाली आला. ''धम्मप्रिया, हे तू मला सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं. परीक्षकांनाही कळणार नाही.''

''मला कळलंय ना, मॅडम.''

''मग काय करणार आहेस?''

माझ्यासमोर चहा निवत होता. कॉलेजातली माझ्या नावाची पाटी, हाडांच्या विभागातली ती पोरं, आईनं दाखवलेलं वॉर्डातलं सोंग, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बांधलेल्या प्रबंधाची काळी कापडी पुठ्ठ्याची प्रतसुद्धा दिसली, सोनेरी अक्षरांची. मी ती किती वेळा मनात हातात घेतली होती! एवढा मोह आयुष्यात कधी झाला नव्हता, हे मी कबूल करते.

''हे आकडे मी देणार नाही,'' मी म्हटलं. म्हटल्याबरोबर फोन ठेवून दिला.

सोलापूर पंधरा-वीस किलोमीटर राहिलं असेल. ऊन डोक्यावर आलं होतं, हेल्मेटमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मी मनात हिशेब करत होते की मी स्वतः, समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून व्यायाम दिलेल्या किती जणींना विचारलं. वाडीतल्या अडतीस. आणि त्यांच्याही आधी, सहा वर्षांपूर्वी, आणखी एक. मी स्कुटी रस्त्याच्या कडेला घेतली. एक ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला. ऊन लई हुतं, ती म्हणाली होती. विहारातली वंदना तर सकाळी सातला असते.

आमचे दोन जिने मी त्या दिवशी पायरी मोजत चढले. चौतीस पायऱ्या. आई खुर्चीतच होती. माझं तोंड बघून तिनं टीव्ही बंद केला.

''काय झालं गं?''

''माझी पीएचडी गेली.''

''गेली म्हंजे?''

''गेली. संपली. का ते नंतर सांगते.'' पर्समधनं खड्यांची पिशवी काढली, स्वयंपाकघरातली वाटी आणली, तिच्या खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवली, वाटीवर हात पुसायचं फडकं टाकलं. ''आता तू काहीही सांगितलंस तरी माझं काही जात नाही. माझ्या हाताचं काही बिघडत नाही, डिग्रीचं बिघडत नाही. मी तिकडं तोंड करून बसते. फडक्याखालून खडे टाक. जेवढं दुखतंय तेवढे. खरे.''

''येडी झालीस काय? म्या सांगितलं न्हवं, झ्याक हाय म्हनून.''

''आई. टाक.''

मी भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसले. खाली कुणीतरी टँकरवाल्याशी भांडत होतं. मग मागं वाटीत टक्‌ असा आवाज झाला. मग दुसरा. मी मोजायला लागले. तीन, चार, पाच. सहावा जरा थांबून पडला. सात. त्यानंतर शांतता झाली आणि मला वाटलं, झालं. मी वळणार, तेवढ्यात आठवा पडला.

मी वळले. आईचे डोळे भरले होते, पण माझ्याकडंच बघत होती.

''सहा वर्षं?'' मी विचारलं.

''आधी धा हुते,'' ती म्हणाली. ''तुझ्या व्यायामानं दोन गेले. खरंच गेले, शप्पत. तू इचारलंस तवा म्या म्हटलं, बरं वाटतंय. तू इतकी खूश झालीस, लहान पोरीगत उड्या मारल्यास. मग फुडच्या येळेला आनि जरा वाढवून सांगितलं. मग तू अर्ज केलास, ॲडमिशन घेतलंस, हे घर बघितलंस. आता कुटं थांबायचं ते मला कळंना.''

दोन खडे. आमच्या शास्त्रात दोन आकड्यांनी दुखणं उतरलं तर तो फरक माणसाला खरोखर जाणवणारा धरतात. म्हणजे माझ्या हातात काहीतरी होतं. सहा वर्षांत माझ्या व्यायामाचा मिळालेला पहिला खरा आकडा, आणि तो माझ्याच घरात, दुसऱ्या मजल्यावर, खुर्चीत बसून होता. मला शिकवलेलं सगळं तोंडपाठ होतं, आणि माझी आई पौर्णिमेला खाली का जात नाही एवढं मला दिसलं नव्हतं.

मी पुढं सरकले आणि तिचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, घोटा सुजलेला. गुडघ्यावर तळवा ठेवला तर आत भट्टी पेटलेली. ती पाय मागं ओढायला लागली, मी सोडला नाही.

''रागावलीस व्हय?''

''हो,'' मी म्हटलं. ''आठ ना? नक्की आठ?''

आईनं नाक पुसलं. थोडा वेळ माझ्या हाताकडं बघत राहिली.

''बसल्यावर आठ,'' ती म्हणाली. ''जिना उतरताना नऊ.''